जिओजेब्रा: चौकोनाचा चौथा शिरोबिंदू शोधायला कितपत कामाचं?

दहावीच्या भूमितीत निर्देशक भूमितीचं प्रकरण सुरू झालं की एक प्रश्न ठरलेला असतो. चौकोनाचे तीन शिरोबिंदू दिलेत, चौथा काढा. कधी दोनच बिंदू देतात आणि चौकोन चौरस आहे एवढंच सांगतात. अंतराचं सूत्र पाठ, मध्यबिंदूचं सूत्र पाठ, तरी इथे गुण जातात, कारण बहुतेक मुलं आकृती न काढता थेट आकडेमोडीला लागतात. या एकाच कामासाठी जिओजेब्रा हे गणिताचं ॲप कसं आहे, एवढ्यापुरतं हे परीक्षण. आलेख, कलन, त्रिमिती ही त्याची बाकीची अंगं इथे घेतलेली नाहीत.

निकाल आधीच सांगतो. फक्त उत्तर हवं असेल तर जिओजेब्राची गरज नाही. समांतरभुज चौकोनाचा चौथा बिंदू कागदावर अर्ध्या मिनिटात निघतो. हरवलेला बिंदू एकाच जागी असू शकतो की दोन, तीन किंवा अगणित जागी, हे डोळ्यांना दाखवण्यात मात्र त्याला तोड नाही. गुण जातात ते नेमके तिथेच. म्हणून शिक्षकांनी आणि घरी शिकवणाऱ्या पालकांनी ते जरूर घ्यावं, पण त्याच्या काही खोडी आधी माहीत करून घ्याव्यात.

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधातून हे सुरू केलं. डिसेंबर २०२१ मध्ये ते बायजूजने विकत घेतलं. वर्गात किंवा घरी, धंद्यासाठी नसलेल्या वापराला ते मोफत आहे. जिओमेट्री आणि अल्जिब्रा हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत, आणि या प्रकरणाला लागतं तेही हेच. एका बाजूला निर्देशक आणि समीकरणं, दुसऱ्या बाजूला आकृती. एकीकडे बदल केला की दुसरीकडे लगेच दिसतो.

कुठलं घ्यायचं आणि आधी काय नीट करायचं

जिओजेब्रा या नावाने बरीच ॲप आहेत. इथे पहिली चूक होते. नाव बघून मुलं ‘जिओमेट्री’ ॲप उतरवतात. ते उघडलं की कोरा पडदा येतो, अक्ष नाहीत आणि चौकटीही नाहीत. सेटिंगमधून दोन्ही चालू करता येतात, पण या प्रकरणासाठी ‘ग्राफिंग कॅल्क्युलेटर’ किंवा संगणकावर ‘क्लासिक’ घेतलेलं बरं. त्यात अक्ष, जाळी आणि टायपिंगची ओळ आधीच समोर असते. ब्राउझरमध्ये खातं न उघडताही चालतं. खातं लागतं ते काम ऑनलाइन जतन करायला. फोनवर एकदा ॲप बसवलं की पुढे इंटरनेट नसलं तरी आकृत्या काढता येतात.

आज्ञा आणि बिंदूंची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची असतात. इथे त्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना तीन गोष्टी सांभाळायच्या.

एक, बिंदूचं नाव मोठ्या लिपीतलं हवं. मोठ्या ‘ए’ला (१, २) दिलं तर बिंदू मिळतो. लहान ‘ए’ला तेच दिलं तर सदिश तयार होतो आणि पडद्यावर आरंभबिंदूपासून निघालेला बाण दिसतो. मुलं तो बाण पुसतात, पुन्हा तेच टाइप करतात, पुन्हा बाण येतो.

दोन, निर्देशकांमध्ये स्वल्पविराम हवा. चुकून अर्धविराम पडला, म्हणजे (५; २), तर जिओजेब्रा ते ध्रुवीय निर्देशक समजतं: अंतर ५ आणि कोन २ रेडियन (अंशांसारखंच कोन मोजायचं एकक). पहिल्या चरणातला बिंदू मग दुसऱ्या चरणात जाऊन बसतो. चूक झाल्याची सूचना येत नाही, कारण त्याच्या लेखी ते बरोबरच आहे.

तीन, अक्षांचं प्रमाण १ : १ आहे ना ते बघायचं. अक्षावर बोट ठेवून ओढलं की त्या एका अक्षाचं प्रमाण बदलतं. फोनवर हे सहज होतं. मग काटकोन काटकोन दिसत नाही आणि चौरस चपटा दिसतो. आकडे बरोबर असतात, पण डोळ्यांना खोटं दिसतं आणि मूल बरोबर उत्तर खोडून टाकतं. सेटिंगमध्ये अक्षांचं गुणोत्तर १ : १ केलं की आकृती मूळपदावर येते. झूम केल्यावर जाळीतलं अंतरही बदलतं हे सांगून ठेवावं. एक चौकट म्हणजे एक एकक हे गृहीत धरून मोजणाऱ्या मुलाच्या पडद्यावर कधी दोनाची, कधी पाचाची चौकट असते.

समांतरभुज चौकोन: एक बिंदू की तीन

ए (१, २), बी (५, ३), सी (६, ६) हे तीन बिंदू टाका. चौकोन एबीसीडी समांतरभुज आहे, डी काढा. कागदावरची रीत अशी: कर्ण परस्परांना दुभागतात, म्हणून एसी चा मध्यबिंदू आणि बीडी चा मध्यबिंदू एकच. यावरून डी चा क्ष-निर्देशक १ + ६ − ५ = २ आणि य-निर्देशक २ + ६ − ३ = ५. डी (२, ५).

जिओजेब्रात हीच रीत एका ओळीत मावते: डी = ए + सी − बी. बिंदूंची बेरीज-वजाबाकी ते थेट स्वीकारतं. ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण मध्यबिंदूच्या सूत्रातले दोन वेळा येणारे भागिले दोन गळून पडतात आणि सूत्राचा गाभा उरतो: संमुख शिरोबिंदूंची बेरीज सारखी. डी चा रंगही बघा. ए, बी, सी निळे असतात, म्हणजे मोकळे, हवे तिथे ओढता येतील असे. डी गडद असतो, कारण तो त्या तिघांवर अवलंबून आहे. बी ला बोटाने हलवलं की डी उलट दिशेने तेवढाच सरकतो. हे पाहिलेल्या मुलाला सूत्रातलं वजा चिन्ह कोणाला लागतं, हे पुन्हा विचारावं लागत नाही.

आता प्रश्नातला एक शब्द बदला. ‘चौकोन एबीसीडी’ असं न देता ‘हे तीन समांतरभुज चौकोनाचे शिरोबिंदू आहेत’ एवढंच दिलं, तर उत्तरं तीन होतात. कोणते दोन बिंदू संमुख आहेत हे दिलेलंच नाही. आणखी दोन ओळी टाका: ई = बी + सी − ए आणि एफ = ए + बी − सी. ई (१०, ७) आणि एफ (०, −१) मिळतात. डी, ई, एफ जोडून त्रिकोण काढा. दिलेले तिन्ही बिंदू या मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंच्या बरोबर मध्यावर बसलेले दिसतील. डीएफ चा मध्य ए, ईएफ चा मध्य बी, डीई चा मध्य सी. क्षेत्रफळं पाहिली तर आतला त्रिकोण ५.५, प्रत्येक समांतरभुज चौकोन ११ आणि बाहेरचा त्रिकोण २२ चौरस एकक. फळ्यावर हे काढायला दहा मिनिटं जातात आणि हात थोडा हलला तरी मध्यबिंदू मध्यावर दिसत नाहीत. इथे एक मिनिट लागतं, आणि ए ओढला तरी सगळं तसंच टिकतं. या एका आकृतीसाठीसुद्धा हे ॲप वर्गात आणावं.

चौकोन रंगवायला पॉलिगॉन ही आज्ञा वापरतात, तिथे क्रम महत्त्वाचा. पॉलिगॉन(ए, बी, सी, डी) दिलं तर नीट चौकोन येतो. ए, बी, डी, सी असा क्रम दिला तर बाजू एकमेकींना छेदतात, फुलपाखरासारखी आकृती येते आणि क्षेत्रफळ शून्य दिसतं. शून्य येण्याचं कारण असं की क्षेत्रफळ निर्देशकांच्या गुणाकारांच्या वजाबाकीतून निघतं. दोन पाकळ्या उलट दिशांनी फिरून येतात, म्हणून एकीचं क्षेत्रफळ अधिक आणि दुसरीचं उणे होतं. समांतरभुज चौकोनात त्या अगदी सारख्या असतात. कागदावर शिरोबिंदूंचा क्रम चुकवणाऱ्या मुलाला हे शून्य एकदा दाखवावं.

एका जागी मात्र ॲप गप्प बसतं. ए (१, २), बी (३, ३), सी (५, ४) टाकून डी काढा. डी (३, ३) येतो, म्हणजे थेट बी वरच. तिन्ही बिंदू एकरेषीय आहेत, चौकोन होतच नाही. जिओजेब्रा तरीही बिंदू देतं आणि दोन्ही नावं एकमेकांवर चढलेली दिसतात. चढ तपासून एकरेषीय नाहीत ना हे आधी पाहण्याची सवय मुलालाच लावावी लागते.

चौरस: दोन बिंदूंवर तीन उत्तरं

ए (१, १) आणि बी (४, २) हे चौरसाचे लगतचे शिरोबिंदू आहेत. ए पासून बी पर्यंत ३ उजवीकडे आणि १ वर. काटकोनात फिरवायचं तर आकड्यांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदलायचं: १ डावीकडे आणि ३ वर. त्यामुळे डी (०, ४) आणि सी (३, ५). दुसऱ्या बाजूला फिरवलं तर डी (२, −२) आणि सी (५, −१). दोन चौरस, दोन्ही बरोबर.

जिओजेब्रात पॉलिगॉन(ए, बी, ४) टाइप केलं की चार बाजूंचा नियमित बहुभुज येतो, पण एकच. तो नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बांधला जातो. दुसरा हवा असेल तर पॉलिगॉन(बी, ए, ४) वेगळं द्यावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो एका चौरसावर समाधान मानून थांबतो, आणि ज्या गोष्टीसाठी ॲप उघडलं तीच निसटते. म्हणून शिकवताना पॉलिगॉनऐवजी रोटेट वापरावं: रोटेट(बी, ९०°, ए) आणि रोटेट(बी, −९०°, ए). दोन दिशा हाताने टाइप केल्या की दोन उत्तरं आपसूक लक्षात राहतात.

इथे अंशाचं चिन्ह विसरायचं नाही. क्लासिकमध्ये नुसतं ९० दिलं तर ते ९० रेडियन धरलं जातं. बिंदू (०, ४) ऐवजी (−१.२४, ३.२३) ला जातो. जवळपास चौरसासारखीच आकृती दिसते, पण ए जवळचा कोन ११६ अंशांहून थोडा मोठा असतो. उत्तरात दशांश आले की आधी हे चिन्ह तपासा.

आता तेच दोन बिंदू संमुख असतील तर? नवीन उदाहरण घेऊ: पी (१, २) आणि आर (५, ४). मध्यबिंदू (३, ३). मध्यापासून आर पर्यंत २ उजवीकडे, १ वर. काटकोनात फिरवून १ डावीकडे, २ वर. म्हणून क्यू (२, ५) आणि उलट दिशेला एस (४, १). बाजू √१० येते आणि लगतच्या बाजू लंब आहेत. वर्गात हेच लांबच्या वाटेने करतात. क्यू पासून पी आणि आर सारख्या अंतरावर, त्यातून २क्ष + य = ९. मग काटकोनाची अट घालून क्ष² − ६क्ष + ८ = ०, म्हणून क्ष = २ किंवा ४. दोन्ही वाटा जिओजेब्रात शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. २क्ष + य = ९ टाइप केलं की जी रेषा येते ती पीआर चा लंबदुभाजक असते, आणि वर्गसमीकरणाची दोन उत्तरं म्हणजे त्या रेषेवरचे दोन बिंदू. बीजगणितातल्या दोन मुळांना जागा मिळते.

प्रश्नात ‘लगतचे’ किंवा ‘संमुख’ हा शब्दच नसेल तर दोन बिंदूंवरून तीन चौरस होतात: दोन बाजूवरून आणि एक कर्णावरून.

समभुज चौकोन आणि आयत

ही दोन प्रकरणं थोडक्यात उरकतात. समभुज चौकोनाचे तीन बिंदू दिले असतील तर सूत्र समांतरभुज चौकोनाचंच, पण आधी मधल्या बिंदूपासूनची दोन्ही अंतरं सारखी आहेत ना ते पाहायचं. दोन संमुख बिंदूच दिले असतील तर उत्तरं अगणित. वरच्याच २क्ष + य = ९ या रेषेवर एक बिंदू ठेवा, त्याचं मध्यबिंदूतून प्रतिबिंब घ्या आणि बिंदू ओढा. चौकोन लांबट होतो, बसका होतो, पण समभुज राहतो. प्रश्नात ‘एक शिरोबिंदू क्ष-अक्षावर आहे’ अशी अट असली तरच तो (४.५, ०) ला थांबतो आणि समोरचा (१.५, ६) ला. प्रश्नात ती जास्तीची अट का दिलेली असते, हे यातून छान समजतं.

आयताला काटकोन कुठे आहे ते आधी शोधायचं. तीन बिंदू क्रमाशिवाय दिले तरी आयत एकच होतो, कारण काटकोन असलेला बिंदूच मधला. समांतरभुज चौकोनापेक्षा हा फरक महत्त्वाचा. चढांचा गुणाकार −१ येतो का बघताना एखादी बाजू य-अक्षाला समांतर असली, समजा (२, १) आणि (२, ५), तर चढ ठरवताच येत नाही आणि कसोटी अडते. तिथे अंतराचं सूत्र आणि पायथागोरस वापरावा.

पतंग

पतंगात मुलं हटकून चुकतात, कारण समांतरभुज चौकोनाचं सूत्र हाताला लागलेलं असतं. ए (१, २), बी (४, ३), सी (५, १०), आणि एसी हा सममितीचा अक्ष. सवयीने ए + सी − बी केलं तर (२, ९) येतं. तो समांतरभुज चौकोन झाला, पतंग नाही.

पतंगात एक कर्ण दुसऱ्याला लंब असतो आणि त्याला दुभागतो. त्याने स्वतः दुभागलं जायला हवं असं नाही. एसी चा चढ २, समीकरण य = २क्ष. बी मधून जाणारी लंबरेषा क्ष + २य = १०. दोन्ही (२, ४) मध्ये छेदतात. हा बीडी चा मध्यबिंदू, म्हणून डी चे निर्देशक ४ − ४ = ० आणि ८ − ३ = ५. डी (०, ५). पडताळा: एबी = एडी = √१० आणि सीबी = सीडी = √५०.

जिओजेब्रात रिफ्लेक्ट(बी, लाईन(ए, सी)) ही एकच आज्ञा पुरते. पण शिकवताना ती शेवटी द्यावी. आधी लंबरेषेचं साधन, मग छेदनबिंदू, मग त्या बिंदूतून बी चं प्रतिबिंब, असं पायरीपायरीने काढलं तर कागदावरची प्रत्येक ओळ पडद्यावरच्या एकेका रेषेशी जुळते. शेवटी रिफ्लेक्ट दिलं की नवा बिंदू आधीच्यावर बरोबर बसतो. पडताळ्याची ही फार चांगली रीत आहे.

समद्विभुज समलंब चौकोन: इथे ॲपचं खरं मोल कळतं

ए (१, १), बी (७, ३), सी (५, ४). एबी आणि डीसी समांतर, एडी = बीसी. डी काढा.

सी मधून एबी ला समांतर रेषा काढा. चढ १/३. डी याच रेषेवर आहे. बीसी = √५, म्हणून ए केंद्र धरून √५ त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासचं साधन निवडून बी, सी आणि मग ए वर टॅप केलं की ते वर्तुळ येतं. रेषा आणि वर्तुळ दोन जागी छेदतात: (२, ३) आणि (−१, २). दोन्ही ठिकाणी एडी = √५ आणि दोन्ही ठिकाणी डीसी ही एबी ला समांतर. मग बरोबर कोणतं?

(−१, २) घेऊन चौकोन रंगवा. डीसी ची लांबी एबी एवढीच येते. हा तर समांतरभुज चौकोन! तोही दिलेल्या अटी पाळतो, म्हणून बीजगणित त्याला बाहेर काढत नाही. समलंब चौकोनात समांतर बाजूंची एकच जोडी हवी, म्हणून (२, ३) घ्यायचं. तिथे डीसी ही एबी च्या निम्मी आहे. कागदावर वर्गसमीकरण सोडवून दोन मुळं आली की मुलं एक ‘चुकलं असेल’ म्हणून खोडतात, कधी नेमकं बरोबरचंच. पडद्यावर दोन्ही चौकोन वेगळ्या रंगांत समोर असले की खोडण्यामागचं कारण सांगता येतं.

त्याच आकृतीवर दुसरी वाटही दाखवता येते. एबी चा लंबदुभाजक काढा. त्याचं समीकरण ३क्ष + य = १४. त्यात सी चं प्रतिबिंब घ्या. (२, ३) हेच येतं, आणि एकटंच येतं. सममितीच्या वाटेने गेलं की तो आगंतुक बिंदू येतच नाही.

या जागी साधनाची एक खोडी आहे, तिच्यापासून सावध राहा. छेदनबिंदूचं साधन घेऊन थेट छेदाच्या जागी टॅप केलं तर तेवढा एकच बिंदू मिळतो. आधी रेषा आणि मग वर्तुळ, असे दोन्ही घटक वेगवेगळे निवडले तर दोन्ही बिंदू मिळतात. बोटाने काम करणारी मुलं सहसा पहिली रीत वापरतात आणि दुसरं उत्तर असल्याचं त्यांना कळतही नाही. त्यांना दुसरी रीतच शिकवा.

कुठे कमी पडतं

पायऱ्या मिळत नाहीत. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरात गुण सूत्र, किमती आणि मांडणी यांना असतात. पडद्यावरचं डी = (२, ५) उतरवून काही हाती लागत नाही. म्हणून आधी वही, मग ॲप, हा क्रम पाळावा.

उत्तरं दशांशात येतात. नेहमीच्या मांडणीत दोन दशांश स्थळं दिसतात, त्यामुळे √५० च्या जागी ७.०७ आणि २१/१३ च्या जागी १.६२. उत्तर करणीच्या किंवा अपूर्णांकाच्या रूपात हवं असेल तर क्लासिकमधली कॅस ही खिडकी उघडावी. तिथे √५० चं ५√२ होतं. दशांश स्थळं सेटिंगमधून वाढवता येतात. एखादा बिंदू खरंच पूर्णांकावर आहे की नुसता तसा दिसतोय, हे बघायला ती वाढवावीतच, कारण बोटाने ठेवलेला बिंदू जाळीला चिकटला नसेल तर ३.००४ सुद्धा ३ दिसतो. या कामात बिंदू बोटाने ठेवूच नयेत, टाइप करावेत.

आलेख कागदाशी तुलना करायची तर, १ सेंमी म्हणजे १ एकक घेऊन काढलेली कच्ची आकृती परीक्षेत सोबत येते, ॲप येत नाही. हाताने बिंदू मांडताना क्ष आणि य ची उलटापालट होते का, उणे निर्देशक कोणत्या चरणात जातात, ही कच्ची बाजू कागदावरच उघडी पडते. टाइप केलेल्या बिंदूत ती झाकली जाते. नववीच्या मुलाला महिनाभर आलेख कागद द्यावा आणि मग ॲप. दहावीच्या मुलाने रोज एक उदाहरण वहीत सोडवून, उत्तर टाइप करून, मग दिलेला एक बिंदू ओढून पाहावा. ओढल्यावर चौकोनाचा प्रकार टिकला तर बांधणी बरोबर आहे. मोडला तर चौथा बिंदू सूत्राने न बांधता नुसता आकडे टाकून ठेवलेला असतो, आणि त्याचा निळा रंग तेच सांगत असतो.